सुनेची घसरगाडी

ईस्टरच्या सुट्टीत हार्डांगरच्या पठारावर स्की करत निघालेल्या त्या दोघी सासू-सुना. बोर्गहिल्डबाई सत्तरीच्या, जन्म या बर्फात गेलेला. सोल्वी बर्गनची, बंदरावर वाढलेली. लग्न झाल्यापासून ती सासूकडून एकच पालुपद ऐकत आली होती, की समुद्राकडची माणसं डोंगरात टिकत नाहीत.

दुपारी उतारावर पडल्या त्या मात्र बोर्गहिल्डबाई. गुडघा असा पिरगळला, की उभं राहवेना. फोनला रेंज नव्हती आणि पश्चिमेकडून वादळ चालून येत होतं.

"मुक्कामाची झोपडी त्या टेकडीपलीकडेच आहे," बाई दात आवळून म्हणाल्या. "रांगत जाईन मी."

"रांगत? पोचाल थेट देवाघरी!" सोल्वीने पाठपिशवीतून फावडं काढलं. "बोर्गहिल्ड, आता गप्प बसा."

त्यांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्या खरंच गप्प बसल्या.

सोल्वी बर्फाच्या ढिगात भुयार खणत सुटली. तळहात सोलवटले. वादळ अंगावर कोसळलं तेव्हा दोघी आत होत्या. तिने हवेसाठी छपराला काठीने भोक पाडलं आणि ते बुजू नये म्हणून काठी सतत हलवत राहिली.

"हे कुठं शिकलीस गं?" बाईंनी संत्रं सोलत विचारलं.

"बचाव पथकाच्या वर्गात. दर हिवाळ्यात जाते. तुम्हाला वाटायचं, मी विणकामाला जाते."

बोर्गहिल्डबाई खो खो हसल्या. गुडघ्यातून कळ गेली तशी त्यांनी एक सणसणीत शिवीही हासडली.

सकाळी आभाळ लख्ख होतं. सोल्वीने चारही स्की जोडून, त्यांवर काठ्या आडव्या बांधून घसरगाडी केली, सासूबाईंना झोपपिशवीसकट तिच्यावर जखडलं आणि दोर कमरेला बांधला. वाऱ्याने बर्फ घट्ट झाला होता, तरी चढावर तिचा जीव कंठाशी आला. मागून सारखा पुकारा चालू होता, "ओढ पोरी, ओढ!"

टेकडीच्या माथ्यावर शोधपथकाची स्नोस्कूटर समोर आली. "चला आजी, आता आमच्या गाडीत बसा," पथकातला दाढीवाला म्हणाला.

"तुमच्या? मला माझी सून नेतेय. व्हा बाजूला!"

खाली झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत होता. सोल्वीला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने दोर मुठीत आवळला. आता सगळा उतारच होता.