सासूची साक्ष

गोऱ्या साहेबाच्या मेंढीला भाला लागला त्या दिवशी आपला जावई वुबान वस्तीवरच होता, हे यिलबीला पक्कं ठाऊक होतं. सासूसाठी त्यानं कांगारूची मांडी आणली होती. रीतीप्रमाणे ती बायकोच्या, निंगाच्या हाती दिली आणि स्वतः झुडपापलीकडे पाठ करून बसला. लग्न झाल्यापासून सासू-जावयांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, समोरासमोर एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांच्यात आदर म्हणतात तो हाच. यिलबी त्याला खोकल्यावरून ओळखायची, पावलांच्या ठशांवरून ओळखायची, आणि मनातून त्याच्यावर जीव टाकायची.

पोलिसांनी वुबानला चोर म्हणून धरून नेलं तेव्हा निंगानं आईला गदागदा हलवलं. "आई, तू जाऊन सांग ना गं! त्यानं आणलेलं मांस तूच खाल्लंस की!"

"सांगते. मला काय भीती त्या लालतोंड्यांची?"

कोर्टाची खोली ती केवढीशी! यिलबी आत शिरली, तर पुढ्यातच वुबान उभा. तिनं गर्रकन पाठ फिरवली, हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हाच का तो? बघ त्याच्याकडे," न्यायाधीश म्हणाला.

पोलिसांचा दुभाष्या जॅको दूरच्या मुलखातला. त्याला इथली रीत कुठली माहीत असायला! तो तिच्या कानाशी लागला, "अगं बाई, बघ की! नुसतं बोट दाखव, सुटेल तो."

त्याला बाहेर न्या, मग सगळं सांगते, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण जावयासमोर तोंड उघडायचं कसं? तिची दातखीळच बसली.

"खोटी साक्ष द्यायला आली आणि घाबरली," असं म्हणून न्यायाधीशानं वुबानला तीन वर्षं ठोठावली. काय पण न्याय! घटकाभर पोराला दाराबाहेर उभं करावं, एवढंसुद्धा सुचलं नाही मेल्यांना.

त्या रात्री निंगा आईच्या शेकोटीपाशी फिरकलीच नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी कैद्यांचे गळे एकाच साखळीत अडकवून त्यांना बेटावरच्या तुरुंगाकडे चालवत नेलं. त्या तुरुंगातून परत आलेलं माणूस यिलबीनं अजून पाहिलं नव्हतं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आग लागो त्या रीतीला! तिनं पहिल्यांदाच जावयाकडे सरळ पाहिलं. पोरगाच होता की तो, धड मिशीही फुटली नव्हती.

"वुबान! बाळा, मी बोलायला हवं होतं रे!"

निंगाला हाका मारणारा हा आवाज त्यानं दुरून कितीदा ऐकला होता. साखळी गळ्यात रुतली, पुढचा कैदी ठेचकाळला, तरी वुबाननं सासूपासून तोंड फिरवलं आणि पलीकडे बघत चालत राहिला.