घर बघायला गेलेला खलबत्ता

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की थोड्या वेळाने मुळूमुळू रडायला लागतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी वजनाला भारी आहे, आवाजाला त्याहून भारी आहे आणि या दोन्ही गोष्टींबद्दल मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत झाला. तिथे पाण्याच्या पंपांचे भाग ओतायचे. एका दुपारी लोखंडाचा रस थोडा जास्त झाला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून कामगारांनी वाळूच्या साच्यात ओतला आणि मी तयार झालो. म्हणजे मी उरल्यासुरल्यातला. थंड झाल्यावर एकाने बत्ता उचलून माझ्यात आपटला, तेव्हा भट्टीजवळची सगळी माणसं दचकून वळली. तेव्हापासून माझा स्वभाव असाच आहे.

लातूरच्या यात्रेत सुमनताईंनी मला विकत घेतलं. त्यांचं तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. औशाजवळच्या त्यांच्या गावी मी वर्षानुवर्षं राबलो. शेंगदाण्याची चटणी, लसूण, मिरची, आमटीत घालायचा येसर, सगळं माझ्यातच कुटलं जायचं. अर्धी गल्ली मला मागून न्यायची आणि परत आणून देताना चटणीची वाटीही सोबत आणायची. सुमनताईंना मुलगा झाला, त्याचं नाव निरंजन. त्या वेळी बाळंतिणीच्या लाडवांची खारीक मीच कुटली. निरंजन लहान असताना त्याचे वडील गेले. सुमनताईंनी एकटीने शेत बघितलं, मुलाला आयटीआयला घातलं आणि त्याचं लग्नही थाटात लावून दिलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे याच निरंजनशी माझं बिनसणार आहे.

मग घरात मिक्सर आला आणि मी खाटेखाली गेलो. मिक्सरमध्ये दाण्याचा भुगा होतो, चटणी होत नाही, असं सुमनताई म्हणायच्या. पण गुडघे कुरकुर करायला लागले होते. त्यामुळे त्या मला सणासुदीलाच बाहेर काढत. बाकीचे दिवस मी अंधारात गंजत पडलेला असे, आणि वरून त्या मिक्सरचं किंचाळणं ऐकत असे. त्याला कोणी कधी गप्प बस म्हटलं नाही.

निरंजन चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. ते भागही लोखंड वितळवून ओतलेले असतात, म्हणजे नात्याने माझे भाऊबंदच. सुरुवातीला तो इतर पोरांबरोबर कॉट बेसिसवर राहिला. कॉट बेसिस म्हणजे खोली तुमची नाही, फक्त झोपायची खाट तुमची. पर्मनंट झाल्यावर त्याने आईला, बायको स्वरूपाला आणि सहावीतल्या मुलीला, दिव्याला, बोलावून घेतलं. सुमनताईंनी गावातलं घर पुतण्याला राहायला दिलं आणि मला पोत्यात बांधून टेम्पोत स्वतःच्या पायाशी ठेवलं.

पहिलं घर निरंजनने एकट्याने ठरवलं होतं. चाकणजवळच्या मोशीत, नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. या भागात भाड्याचं घर मिळवायचं म्हणजे तोंडी परीक्षाच असते. भाडं आणि डिपॉझिट ऐकून आवंढा गिळायचा आणि तरीही हसत राहायचं. एजंट अटी वाचत गेला: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गॅलरीत गोधड्या वाळत घालायच्या नाहीत, कुटणं-कांडणं चालणार नाही. निरंजन प्रत्येक अटीला "हो सर, हो सर" म्हणत गेला. पण यातलं त्याने आईला काहीच सांगितलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी सुमनताईंनी खाली जाड गोधडी घातली, दाणे भाजले आणि चटणी कुटायला घेतली. चटणीला तेल सुटायच्या आतच खालच्या मजल्यावरचे लक्ष्मणराव वर आले.

"आजी, आमचा पंखा हलतोय हो. छत खाली येतंय का काय?"

दुसऱ्या दिवशी वॉचमन आला, मग सोसायटीचे चेअरमन आले, मग घरमालकाचा फोन आला. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं.

"एका चटणीपायी घर गेलं, आई!" निरंजन ओरडला. "उद्याच देतो ह्याला भंगारात."

"दे की," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "मंग मलाबी त्याच गाडीवर बसीव."

निरंजन वरमला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "तसं नाही आई. तू थोडे दिवस गावाकडे जाऊन राहतेस का? आम्ही घर बघतो, सेटल होतो, मग बोलावतो तुला."

मित्रांनो, सुमनताई चार बुकं कमी शिकल्या असतील, पण "मग बोलावतो" म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळत होतं. गावातल्या घरात आता पुतण्याचा संसार होता. तिथे गेल्या असत्या तर पाहुणी म्हणून, आणि इथून गेल्या असत्या तर कायमच्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मला फार राग आला होता. माझ्या हातात असतं तर मी निरंजनच्या पायावर पडलो असतो, आणि नमस्कार करायला नव्हे.

गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते. त्या सकाळी निरंजन आणि स्वरूपा घरं बघायला निघाले, तर सुमनताई दारात तयार. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मी.

"आई, हे कशाला?"

"तू नळ उघडून बघतूस, बटणं दाबून बघतूस. मी ह्याला वाजवून बघते. ज्याला चालतंय त्याच्याकडंच राहायचं. मागून भांडण नको."

निरंजनने कपाळाला हात लावला. स्वरूपा मात्र तोंडाला पदर लावून हसली. ही सून फारसं बोलत नसे. सासूला ती आत्या म्हणते, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. तिने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि दोघी मला मध्ये धरून चालू लागल्या.

आधी आम्ही चाकणला गेलो. सोपानराव नावाच्या माणसाची हार्डवेअरच्या दुकानावरची खोली होती. कंपनी हाकेच्या अंतरावर. सुमनताईंनी मला जमिनीवर ठेवून बत्ता मारला. सोपानराव खुशीत म्हणाले, "कुटा हो कितीबी! इथं ट्रकपुढं कुणाला काय ऐकू येतंय?" खरंच होतं ते. खालून एकामागून एक ट्रक चालले होते आणि मला माझाच आवाज ऐकू आला नाही. एवढा अपमान माझा खाटेखालीही झाला नव्हता. शिवाय दिव्याला शाळेत जायला तो रस्ता रोज ओलांडावा लागला असता. स्वरूपाने नको म्हणून मान हलवली.

मग तळवडे. उद्धवराव नावाच्या मालकांची तिथे लहान लहान वर्कशॉपांच्या मागे चाळ होती. त्यांनी पहिलाच ठोका ऐकला आणि "अहो बाई, हे काय चालवलंय?" म्हणून आम्हाला बाहेर काढून कुलूप लावलं. दिवसभर त्यांच्या शेजारी पत्रा कापायची मशिनं चालतात, ती त्यांना चालतात. एका म्हातारीची चटणी चालत नाही. मला हा हिशोब अजूनही कळलेला नाही.

पुढच्या गुरुवारी मात्र सगळ्यांचे डोळे दिपतील असं घर समोर आलं. मोशीतच, पहिला मजला, भरपूर उजेड, दिव्याची शाळा मागच्या गल्लीत आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबणारी. मालकीण मृदुला मॅडम, स्वतः खालीच राहायच्या आणि घरूनच ऑफिसचं काम करायच्या. भाडंही जमण्यासारखं होतं. जिना चढताना निरंजन आईच्या कानाशी लागला.

"आई, पाया पडतो तुझ्या. आज नको."

सुमनताईंनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. त्यांनाही ते घर आवडलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर इंद्रायणीकडची झाडं दिसत होती आणि त्या तिथे दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

मृदुला मॅडमनी सगळ्यांना पाणी दिलं. बोलायला गोड होत्या. "घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं. "आधीच्या भाडेकरूंकडे गावाकडची माणसं येऊन राहायची. मला त्याचा फार त्रास झाला. तीन माणसं असतील तर माझी काही हरकत नाही."

निरंजनने एकदा आईकडे बघितलं आणि नजर वळवली.

"तिघंच आहोत मॅडम. मी, मिसेस आणि मुलगी. आई काय, येऊन-जाऊन असते."

सुमनताई त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी क्षणभर खाली बघितलं. मग मान वर केली, हसल्या आणि म्हणाल्या, "हाव. मी काय, पाहुणीच हाय."

मी पिशवीत होतो. त्या वेळी मला वाटलं, आपल्याला खरंच भंगारात दिलं असतं तरी बरं झालं असतं. जिने मुलाला एकटीने वाढवलं, ती स्वतःच्या तोंडाने त्याच्या घरातून स्वतःला वजा करत होती, आणि तेही हसून.

तेवढ्यात पिशवीची गाठ सुटली. मला वाटलं सुमनताईंचं मन बदललं, पण हात त्यांचा नव्हता. स्वरूपाने मला बाहेर काढलं, पिशवीची घडी करून खाली घातली, मला त्यावर बसवलं आणि हॉलच्या मधोमध दणकून बत्ता मारला. एकदा, दोनदा, तीनदा. जन्मल्या दिवशी वाजलो नसेन इतका मी वाजलो. मृदुला मॅडमच्या हातातला पेला हिंदकळला.

"मॅडम," स्वरूपा म्हणाली. बत्ता अजून तिच्या हातातच होता. "आम्ही चौघं आहोत. ह्या पाहुण्या नाहीत. घर ह्यांचं आहे, आम्ही ह्यांच्याकडे राहतो. आणि ह्या आठवड्यातून एकदा चटणी कुटतात."

"अहो, पण तुम्हाला घर आवडलंय ना?"

"खूप आवडलंय. पण चौघांसाठी आवडलंय."

मृदुला मॅडमनी पेला खाली ठेवला. "मग नाही जमायचं हो," त्या म्हणाल्या. "पण आत्ताच सांगितलंत ते बरं केलंत." त्या काही वाईट नव्हत्या. घर त्यांचं होतं आणि नाही म्हणायचा हक्कही त्यांचा होता.

खाली रस्त्यावर येताच निरंजनचा पारा चढला. "काय केलंस हे! असं घर परत मिळणार आहे का आपल्याला?"

"तुम्ही आईला पाहुणी केलंत," स्वरूपा म्हणाली. "त्यामानाने मी काहीच केलं नाही."

"मला गावाला सोडा रे," सुमनताई मध्येच म्हणाल्या. "माझ्यापायी तुमी भांडू नका."

"तुम्ही गेलात तर मीबी येते आत्या. दिव्यालाबी घेते. ह्यांना राहू दे कॉट बेसिसवर."

बस थांब्यापर्यंत मला उचलून निरंजननेच नेलं. मी शक्य तेवढा जड झालो.

शेवटचं घर जुन्या मोशीत होतं. दौलतरावांच्या नव्या इमारतीमागे पत्र्याच्या दोन खोल्या, तळमजल्यावर. पाणी एक दिवसाआड. बसचा थांबा लांब, शाळा त्याहून लांब. भिंतीला ओल होती, ती कोणी लपवलीही नव्हती. दौलतराव टोपी सारखी करत बाहेर आले. "काय कुटायचं ते कुटा," माझ्याकडे बघून ते म्हणाले. "खाली जमीन हाय, तिला काय धाड भरली? पर आमाला येक सांगा, मानसं किती?"

स्वरूपा उत्तर देऊ शकली असती. तिने दिलं नाही. ती निरंजनकडे बघत उभी राहिली. सुमनताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

निरंजनने आईकडे बघितलं, आणि या वेळी नजर वळवली नाही.

"चार," तो म्हणाला. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "चार माणसं. ही माझी आई, सुमनताई. मग आम्ही दोघं आणि आमची मुलगी. आई कायमची आमच्यात असते."

"व्हय का? मंग ऱ्हावा की," दौलतराव म्हणाले.

सुमनताईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या आत गेल्या आणि उगाचच नळ उघडून बघायला लागल्या. नळाला पाणी नव्हतं, तरी त्या बराच वेळ तिथेच पाठ करून उभ्या होत्या.

आता आम्ही तिथेच राहतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो, दिव्याला शाळेसाठी लवकर उठावं लागतं आणि निरंजन बस चुकली की अजूनही मृदुला मॅडमच्या फ्लॅटची आठवण काढतो. काढू दे. चटणी मात्र तो दोनदा मागून घेतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात, तसं मीही मागतो. मला धुऊनपुसून ठेवा, तेल लावा, असलं काही नको. तुमचे आईवडील कधी भाड्याचं घर बघायला गेले आणि समोरच्याने "माणसं किती?" असं विचारलं, तर नीट कान देऊन ऐका. ते कुणाला मोजायचं विसरले, तर तुम्ही तिथल्या तिथे, मोठ्याने, त्या माणसाचं नाव सांगा. मोठी माणसं डोळे वटारतील, वटारू द्या. घर हातचं जाईल, जाऊ द्या. माझ्यापायी आजवर तीन घरं गेली आहेत, आणि मला त्यातल्या एकाचंही वाईट वाटत नाही.