डोंगराकडे पाठ

आमच्या फ्रेंच बेटावरच्या सालाझीच्या खोऱ्यात देवाने तीन बाजूंना हिरवे कडे उभे केले, त्यांवरून धबधबे सोडले, आणि आमच्या पूर्वजांनी विचारपूर्वक त्या सगळ्याकडे पाठ करून बसायच्या जागा बांधल्या. कुंपणाच्या कोपऱ्यावर, चार पायऱ्या वर, छोटी लाकडी छत्री, म्हणजे छपराची बैठक असते, तिला गेताली म्हणतात. तिच्यात बसून रस्ता बघायचा. कोण चाललंय, कुणाबरोबर, टोपी नवी आहे का. डोंगर काय, तो कुठे जात नाही.

वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षे मी रोज सकाळी गेतालीत पुस्तक उघडून बसतो. पान फारसे उलटत नाही. आठला मादाम वाल्मीर पाव घेऊन जातात. त्या विधवा, मी अविवाहित. मी टोपी उचलतो, त्या मान हलवतात. अकरा वर्षांत प्रगती एवढीच. ती मानही खड्डा चुकवताना हलत असेल, ही शक्यता मी धरून आहे.

माझी थोरली बहीण लेओनीझ मागच्या खोल्या पाहुण्यांना देते. एका पाहुणीने अभिप्रायाच्या वहीत लिहिले की जागा छान, पण देखावा बघायला बसावे तर समोर रस्ता आणि कोंबड्या. लेओनीझने लगेच सुतार बोलावला. गेतालीची रस्त्याकडची बाजू फळ्यांनी बंद, डोंगराची उघडी. मी कडाडून विरोध केला, म्हणजे खाकरलो.

"तुला काय बघायचंय रे रस्त्यावर?" तिने विचारले.

वाचायला उजेड लागतो, असे मी म्हणालो. उजेड डोंगराकडूनही येतो, असे तिने सुनावले. ते खरेच होते.

तेव्हापासून मी निसर्गसौंदर्य भोगू लागलो. सहाला कडे गुलाबी, सातला सोनेरी, मग खालून ढग चढू लागतात आणि नऊपर्यंत सगळे पांढरे. पाहुणे दहाला उठतात आणि त्या पांढऱ्याचे भक्तिभावाने फोटो काढतात. आठला फळ्यांमागून चपलांचा आवाज जाई. मी फळ्यांना टोपी उचलून दाखवी.

चौथ्या दिवशी चपला थांबल्या. फाटक वाजले, आणि मादाम वाल्मीर पायऱ्या चढून वर आल्या. त्यांच्या टोपीची निळी फीत मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"मस्यू आन्सेल्म, आजारी आहात का?"

मी नाही म्हणालो.

"मग तोंडावर फळ्या का ठोकल्यात?"

डोंगर दिसावा म्हणून, मी पुटपुटलो. त्यांनी डोंगराकडे पाहिले, शेजाऱ्याच्या हुशार मुलाकडे पाहावे तसे.

"हा तर आधीपासूनच होता. अन् पाव आणायला मी रोज चांगली टोपी घालते, ती काय बेकरीवाल्यासाठी?"

आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतले एक वाक्य त्या वेळी उपयोगी पडले असते तर बरे झाले असते. मी बाकावर सरकलो. त्या बसल्या, पाव मोडून अर्धा मला दिला. ढग चढले, डोंगर गेला.

"संपला वाटतं तुमचा देखावा," त्या म्हणाल्या.

"उद्या सहाला पुन्हा सुरू होतो," मी म्हणालो, आणि एवढे धाडस आपण केले यावर विश्वास बसेना.

"बघू. येईन," म्हणत त्यांनी दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. "अहो, तुमचा सुतार कुणाबरोबर चाललाय बघा."

दहाला पाहुणे कॅमेरे घेऊन वर आले, तेव्हा आम्ही दोघे देखाव्याकडे पाठ करून फटीला चिकटलो होतो. स्थानिक लोकांना निसर्गाची कदर नाही, असे वहीत त्यांनी लिहिले आहे.