सगुणाचा पाय आणि जागच्या जागी फिरलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. कासू गावात काळुरामच्या पडवीत माझा मुक्काम असतो. तो डोलवीच्या कंपनीत वेल्डिंगच्या कामाला लागला, त्याच वर्षी त्याने मला पेणच्या दुकानातून आणले. शिफ्टच्या वेळी मी त्याला हमरस्त्यावरच्या बसपर्यंत पोचवायचे. तो मला रोज पुसायचा. पुढे मोटारसायकल आली आणि माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

मला पुन्हा बाहेर काढले ते त्याच्या बायकोच्या धावण्याने.

सगुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले, तेव्हा ती खाडीच्या बांधावर चालू लागली. चालता चालता एके दिवशी ती धावली आणि मग तिला धावण्याची गोडीच लागली. बांधावरची कुत्री अंगावर यायची, म्हणून काळुराम सोबतीला निघाला. मोटारसायकल धावणाऱ्या बाईच्या शेजारून इतकी हळू चालेना. मग माझ्या चाकांत हवा भरली गेली. ती पुढे धावायची, मी मागून कुरकुरत जायचे. रोह्याला बायकांची शर्यत होणार होती. सगुणाने त्यात नाव दिले होते.

शर्यत तोंडावर आली असताना बांधावरच्या खड्ड्यात तिचा पाय पडला. टाचेमागची शीर फाटली. काळुरामने तिला माझ्या कॅरिअरवर बसवून घरी आणले. वाटभर तिने माझी सीट घट्ट धरली होती.

पायाला प्लास्टर आले. घराचा तोलच गेला. काळुराम शिफ्ट करून यायचा, चूल पेटवायचा, तांदळाच्या भाकऱ्या करपवायचा. सगुणा एरवी हसरी, पण आता चहा गार झाला तरी तिला रडू यायचे. त्याची आई हौसा एकदा म्हणाली, "बरं झालं. आता तरी तिला घरात बसव. या वयात बायकांनी पलायचं का?"

काळुराम भाकरी थापता थापता थांबला. "आये, तिचा पाय मोडलाय. तिची हौस मोडू नको."

सगुणाने हे आतून ऐकले.

प्लास्टर निघाले. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पेणला जायचे असे. काळुराम तिला माझ्यावर बसवून कासू स्टेशनपर्यंत ढकलत नेई. पारावरची माणसे बघायची.

"सगली बघतात," ती मान खाली घालून म्हणायची.

"बघू दे. धावत होतीस तेव्हा पण बघत होती."

ताईंनी बजावले होते, धावायचे मुळीच नाही. पण ज्या दिवशी रोह्याला शर्यत झाली, त्या दिवशी काळुराम कामावर असताना सगुणा एकटीच बांधावर गेली. थोडी धावली आणि खाली बसली. पुतळी शेजारीण तिला धरून घरी घेऊन आली. पाय सुजून भोपळा झाला होता.

संध्याकाळी काळुरामने पाय पाहिला. तो ओरडेल असे मला वाटले. तो पडवीत येऊन माझ्यासमोर बसला. बऱ्याच वेळाने तो आत गेला.

"सगुणा, मला भाकरी करायला जड नाय जात," तो म्हणाला. "पण तू गुपचूप गेलीस ना, ते जड गेलं."

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "पाय बरा होईल नि मीच धावायची विसरेन."

"मग आपण विसरू द्यायचं नाय."

सूज उतरल्यावर त्याने ताईंना विचारले. सायकल चालवली तर चालेल, पण रस्त्यावर नको, असे त्या म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी काळुरामने लोखंडी घोडा, म्हणजे उंच स्टँड, वेल्ड केला आणि माझे मागचे चाक अधांतरी फिरेल असे मला त्यावर चढवले. सगुणा माझ्यावर बसली. पहिल्या दिवशी तिला पायडल पुरते फिरवताही येईना. दात आवळून ती पुन्हा पुन्हा ढकलत राहिली.

मित्रांनो, मी आयुष्यभर रस्ते तुडवले. पण जागच्या जागी फिरण्याचे काम सर्वांत कष्टाचे होते. पावसाळा सरेपर्यंत आम्ही तिघे रोज हे करत होतो. चेन करकरली की हौसा स्वतः तेलाची बाटली आणून द्यायची.

पुढच्या वर्षी सगुणा रोह्याला धावली. खूप मागे राहिली, पण शेवटपर्यंत धावली. काळुराम आणि हौसा रस्त्याकडेला उभे होते. मी तिथे नव्हते. हे मला घरी परतल्यावरच्या त्यांच्या गलक्यातून कळले.

मित्रांनो, दुखावलेल्या माणसाला नुसते "बस" म्हणू नका आणि "ऊठ" म्हणून घाईही करू नका. त्याच्याजवळ थांबा.

कालच पुतळी पडवीत आली. तिच्या नवऱ्याचा गुडघा धरला आहे. घोड्यासकट सायकल मिळेल का, असे तिने विचारले.

"ने की," सगुणा म्हणाली. "तेल मात्र रोज घाल. आणि भावजी चिडले तर चिडू दे. तू त्यांच्याजवळच बस."