खाटेशेजारचा प्लग

हिलाल आबांनी एकतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली. खालून कुणी कितीही ओरडून सांगू दे, ‘लाइन बंद आहे, लावा हात’, आबा स्वतः टेस्टर लावून बघितल्याशिवाय तारेला बोट लावत नसत. म्हणूनच धडधाकट निवृत्त झाले. पण निवृत्त झाल्यावर टेस्टर पेटीत टाकून द्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आता ते घरातल्या माणसांनाच लावून बघत. सुनेनं भाजीत तेल कमी घातलं तर का घातलं, मुलानं हसून विचारपूस केली तर आज हसला का, असं सगळं चालायचं.

पाचोऱ्यातलं घर बेताचंच. पुढची खोली, स्वयंपाकघर, धाकटा मुलगा भूषण आणि सून हेमांगी यांची खोली, आणि धान्याच्या कोठ्या ठेवलेली मागची खोली. पुढच्या खोलीत खिडकीखाली आबांची खाट. बायको गेल्यापासून सहा वर्षं ते त्याच जागी होते. तिथून सगळी गल्ली दिसे आणि उन्हाळ्यात कूलरचा वारा थेट अंगावर येई. कूलरसाठी आबांनी स्वतःच्या हातानं जाड वायर ओढून पंधरा अँपिअरचा प्लग बसवला होता. घरात तसला मोठा प्लग तेवढा एकच. त्या जागेवरून उठवलं तर आपलं या घरात काही उरणार नाही, असं आबा धरून चालले होते.

जूनच्या एका रविवारी आबा दुपारचे पडले होते. झोपले नव्हते, नुसते डोळे मिटलेले. एवढ्यात हेमांगी टेप घेऊन आली. मागोमाग भूषण.

“खाट सहा फूट,” हेमांगी हळूच म्हणाली. “भिंतीपासून धर.”

“प्लग इथंच आहे ना?”

“इथंच. म्हणून तर.”

आबांच्या मनात पाल चुकचुकली. जिवंत माणसाच्या खाटेचं माप कुणी घेतं का? ते कुशीवर वळले तशी दोघं पाय न वाजवता निघून गेली. त्या पाय न वाजवण्यानं तर आबांची खात्रीच झाली.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी पुनाला गाठलं. पुना त्यांचा नोकरीतला जोडीदार, सध्या गावी राहायचा आणि बाजारापुरता पाचोऱ्यात यायचा. तो घर सोडून गावी कसा गेला, ती कहाणी आबांना पाठ होती, तरी त्यांनी ती पुन्हा काढायला लावली.

“आधी सोफा उना,” पुना म्हणाला. “मंग मनी खाट गच्चीवरनी खोलीमा गई. मंग मी गावले गऊ. आधी वस्तू येस हिलालभाऊ, मंग माणूस जास.”

त्याच रात्री जेवताना दोंडाईच्याहून थोरल्या नवलचा फोन आला. “आबा, चार दिवस या की इकडं,” तो म्हणाला. नवल हे दर महिन्याला म्हणायचा आणि आबा दर महिन्याला ‘बघू’ म्हणायचे. या वेळी मात्र त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. सगळे मिळालेले दिसतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

पुढच्या रविवारी टेम्पो दाराशी लागला आणि त्यातून चालायचं मशीन उतरलं. ट्रेडमिल. काळं, लांबलचक, रेड्याएवढं धूड. दोन हमालांनी ते पुढच्या खोलीत आणलं आणि खाटेशेजारी टेकवलं.

“हाई काय शे?” आबांनी विचारलं. काय आहे ते त्यांना चांगलं कळलं होतं.

“माझ्यासाठी आहे, आबा,” हेमांगी म्हणाली. “डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. साखर वाढलीय.”

हेमांगी जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. साडेसहाची बस धरायची. त्याआधी अंधारात गल्लीतल्या कुत्र्यांमधून चालायची तिची हिंमत नव्हती. धुळ्याला तिच्या आईचा एक पाय साखरेपायी गुडघ्यातून काढावा लागला होता. हे सगळं आबांना ठाऊक होतं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की ठाऊक असलेल्या गोष्टी आधी बाहेर पडतात. साखर हे निमित्त आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

भूषण खाटेचा पाया धरून वाकला, आणि आबांच्या तोंडून निघून गेलं, “आठे नही.”

“का आबा?”

का? आबांनी भिंतीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. “आठे आपली कानबाई बसस,” ते म्हणाले. “घर बांधं तव्हय तुनी मायनी आठेच बसाडी व्हती. देवीनी जागावर बूट घालीसन चालशात का?”

भूषणनं खाट सोडली. घर बांधलं तेव्हा तो धुळ्याला वसतिगृहात होता, त्याला काय माहीत असणार? नागपंचमीनंतरच्या रविवारी कुळाची देवी कानबाई एका दिवसासाठी बसते ती गावी, धनसिंगभाऊंच्या घरी, एवढंच तो लहानपणापासून बघत आला होता. धनसिंग म्हणजे आबांचा थोरला चुलतभाऊ. तो वारल्यावरही त्याची बायको भिकुबाई देवीचं सगळं करायची.

“पण तिथं तर तुमची खाट आहे,” भूषण म्हणाला.

“खाट काय, उचलता येस. हाई धूड कोण उचली?”

हेमांगीनं आबांकडं जरा वेळ पाहिलं. मग हमालांना म्हणाली, “मागच्या खोलीत घ्या.”

आबा जिंकले. त्या रात्री ते खाटेवर पाय लांब करून ऐसपैस झोपले.

मागच्या खोलीत होता साधा पाच अँपिअरचा प्लग. त्यावर मशीन लावलं की घरभर वीज जाई. भूषण दोनदा वायरमनला सांगून आला, वायरमन दोनदा ‘येतो’ म्हणाला. घरात एकतीस वर्षांचा लाइनमन बसलेला, आणि काम एका दुपारचं. भूषणनं विचारलंही, “आबा, तुम्ही बघता का?” आबांनी गुडघ्याला हात लावून दाखवला. मशीनवर आधी टॉवेल वाळत पडले, मग गोधड्या. जुलैत हेमांगीचा रिपोर्ट आला तेव्हा ती स्वयंपाकघरात भूषणला म्हणाली, “मागच्यापेक्षा वाढलीय.” आबांनी ते खाटेवरून ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांना वाईट वाटलं. पण आता बोललो तर खोटं उघडं पडेल याची भीती वाईट वाटण्यापेक्षा मोठी होती.

श्रावण लागला, आणि एके दिवशी चहा देता देता हेमांगी म्हणाली, “आबा, यंदा कानबाई आपल्याकडे आणायची. गावी भिकुबाईंचं घर दुरुस्तीला काढलंय. त्या ‘हो’ म्हणाल्यात. जागा तर आपल्याकडे आहेच.”

आबांनी कप खाली ठेवला. नाही कसं म्हणणार? जागा त्यांनीच तर दाखवली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

नागपंचमीनंतरच्या शनिवारी भिकुबाई देवी म्हणून मांडायचा नारळ घेऊन आल्या. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू निवडून सुपात ठेवले होते. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा सव्वा मुठी गहू दळायला घ्यायचे, ही रीत. आबा दाराशी बसून डोळ्यात तेल घालून बघत होते. आपल्या नावाची मूठ पडते की नाही, पडली तर कितवी, यावरून काय ते कळणार होतं. त्यांना वाटलं, आता भूषणची पहिली पडेल.

“कोनापाशीन सुरू करू?” भिकुबाईंनी विचारलं.

“आबांपासून,” हेमांगी म्हणाली. “मग नवलदादा, मग हे.”

पहिली सव्वा मूठ आबांच्या नावानं परातीत पडली. आबा उठून अंगणात गेले आणि कारण नसताना नळ सोडून पाय धूत बसले.

रविवारी खाट बाहेर अंगणात उभी केली. खिडकीखाली चौरंग मांडला, तिथं नथ आणि दागिने घालून कानबाई बसली. शेजारपाजारच्या बाया आल्या, गाणी झाली, जागरण झालं. सोमवारी सकाळी देवीला नदीवर नेऊन बोळवलं. घरी येऊन भूषण खाट उचलायला गेला, तशा भिकुबाई म्हणाल्या, “कोठे लई जास रे ती?”

“तिथंच, खिडकीखाली.”

“देवीनी जागावर खाट टाकतस का? पाय पसारशात तठे? आते ती जागा देवीनी व्हई गई.” आणि आबांकडं वळून म्हणाल्या, “काय हिलालभाऊ, खरं ना?” बोलताना त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. हसू दाबायला की काय, ते आबांना कळेना.

बोललेला शब्द आबांचा, साक्षीला देवी. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला तर ओरडायचं कुणाच्या नावानं? त्यांनी मान हलवली. मग खाटेचं एक टोक स्वतः धरलं आणि म्हणाले, “मागली खोलीमा ली चाल.”

मागच्या खोलीत एका बाजूला कोठ्या, दुसऱ्या बाजूला मशीन, मधे आबा. खिडकी नाही, गल्ली नाही. पुनाला गच्ची तरी मिळाली होती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मंगळवारी पहाटे दार किलकिलं झालं. हेमांगी बूट हातात घेऊन उभी होती. वायरमन अजून आला नव्हता, पण नुसत्या जागच्या जागी उड्या मारायला ती या खोलीत येत असे, हे आबांना आजच कळलं. ते झोपलेले दिसले तशी ती दार ओढून घेऊन गेली. बुधवारी तेच. तिनं पाय वाजवला नाही. माप घेतलं त्या दुपारीही ती अशीच पाय न वाजवता गेली होती. आबांची झोप मोडू नये म्हणून ती तशी चालते, हे त्यांच्या डोक्यात इतक्या दिवसांनी शिरलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

गुरुवारी ती शाळेत गेल्यावर आबांनी पेटी काढली. पक्कड, टेस्टर, पट्टी. दुकानातून जाड वायर आणि नवा प्लग आणला. गुडघ्याचं त्यांना काही आठवलं नाही. मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढली, मशीनवरच्या गोधड्या काढून घडी केल्या. दुपारचे अडीच वाजले.

शुक्रवारी पहाटे दार किलकिलं झालं तेव्हा आबा खाटेवर बसलेले होते.

“ये, मी जागाच शे,” ते म्हणाले. “चाल.”

हेमांगीनं प्लगकडं पाहिलं, मग बूट घातले आणि मशीनवर चढली. पट्टा घरघरत सुरू झाला. लाइट जरासुद्धा मंद झाला नाही. आबा तिच्याकडं पाठ करून उरलेली वायर गुंडाळत बसले. वायर गुंडाळून संपली, तरी ते उठले नाहीत.

“हेमांगी,” ते म्हणाले, “ते कानबाईनं मी खोटं सांगं व्हतं. ती आठे कधीच बसनी नव्हती.”

“माहीत आहे, आबा.” पट्टा चालूच होता. “त्याच दिवशी भिकुबाईंना फोन केला होता.”

“मंग खाटनं माप कसाले लिधं व्हतं?”

“खाट हातभर सरकवली तर मशीन शेजारी बसत होतं. एवढंच बघत होतो.”

हातभर. आबांनी वायरचं वेटोळं मांडीवर ठेवलं. “तुले बठ्ठं माहीत व्हतं, तर बोलनी काबर नही?”

हेमांगीनं पट्ट्याचा वेग जरा कमी केला.

“तुम्ही घाबरला होतात,” ती म्हणाली.

एकतीस वर्षं खांबावर चढणाऱ्या माणसाला हे आजवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. आबांना राग यायला हवा होता. राग आला नाही, डोळे मात्र भरून आले. मग त्यांनी तोंड वळवलं आणि मशीनवरच्या आकड्यांकडं बघितलं.

“कितला मिनिट झाया?”

“सतरा.”

“आजून तेवीस ऱ्हायनात,” आबा म्हणाले, आणि तेवीस मिनिटं पुरी होईपर्यंत तिथंच बसून राहिले.