दुसऱ्या तासाचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, पण मुलांचा नाही. माझ्यावर कधी दप्तर ठेवलं गेलं नाही, की कर्कटकाने कुणी नाव कोरलं नाही. मी आईबापांसाठी केलेला बाक.

राणीसावरगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव आहे. तिथल्या शाळेच्या आवारात बाभळीचं मोठं झाड होतं. सात-आठ वर्षांपूर्वी वावटळीत ते आडवं झालं. लोक म्हणाले, सरपणाला वाटून घेऊ. सुनेत्रा मॅडम तेव्हा नव्यानेच या शाळेत आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना विनवलं, याचा एक लांब बाक करू, वर्गात मागच्या भिंतीला ठेवू. रोज दुसऱ्या तासाला एका घरचं माणूस येऊन त्यावर बसेल. लेकरू काय शिकतं ते बघेल, आमचं चुकलं तर सांगेल.

मार्तंड सुताराने मला घडवलं. कुणी खिळे आणले, कुणी रंगाचा डबा. एका गुरुवारी मला हळदकुंकू लावून, नारळ फोडून आत नेलं. देव्हाऱ्यात मूर्ती बसवावी तसं मला तेव्हा वाटलं होतं.

पहिली पाळी दत्ताकाकांची. "ह्या वयात मला नापास करता का, मॅडम?" म्हणत ते बसले आणि अर्ध्या तासातच घोरायला लागले. पोरं तोंडावर हात धरून हसली, त्यांच्या नातवाने तर पाटीआड तोंड लपवलं. पण पुढच्या पाळीला त्याच काकांनी पावलांनी वावर कसं मोजायचं ते पोरांना अंगणात करून दाखवलं. हळूहळू आया शाळेतली दुपारची खिचडी चाखायला येऊ लागल्या. कुणाचं पोर गैरहजर असलं, की बाकावरचं माणूसच घरी जाऊन घेऊन येई. गाववाले 'सरकारची शाळा' म्हणायचे, ते 'आपली शाळा' म्हणू लागले. ते फार गोड दिवस होते.

अशी चार-पाच वर्षं गेल्यावर सविता येऊ लागली. पहिलीतल्या सृष्टीची आई. तिची पाळी महिन्यातून एकदा, पण ती रोज यायची. तुळशीला पाणी घालून, दिवा लावून, शेतात जाण्याआधी, शाळेची घंटा व्हायच्या आत. मॅडमही तिच्यासाठी लवकर यायच्या. का, ते त्या दोघींखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी ती माझ्या कडेला टेकून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली होती, "मॅडम, मला वाचता येत न्हाई. लग्नात माझ्या बापानं सातवी पास सांगितलं. आमच्या ह्येंला ठाव न्हाई, सासूला न्हाई. पोरगी तर शाळाभर सांगत फिरती, माझी आई शिकलेली हाय. कुनाला सांगू नका, एवढी विनंती हाय."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "माझ्या तोंडून हे जाणार नाही, सविताताई."

त्या शब्दावर ती दीड वर्ष आली. उपास असो, पेरणी असो, तिने तो नेम मोडला नाही. बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची, चुकलं की स्वतःच्याच कपाळावर हलकीशी टपली मारायची. एके दिवशी तिने सृष्टीच्या पुस्तकातला अख्खा धडा वाचला आणि पुस्तकाला नमस्कार केला. मला वाटलं, आता उद्यापन जवळ आलं.

मग तालुक्याहून पाहुणे आले. घर आणि शाळा इथे कशी एक झाली, ते बघायला. मला अंगणात मांडवाखाली मांडलं होतं. सविता माझ्यावरच बसली होती, नवरा श्रीराम समोर पुरुषांत. मॅडम माइकवर बोलायला उभ्या राहिल्या.

"आमच्या सविताताईंना अक्षर येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "या बाकावर बसून त्या शिकल्या. आज त्या धडा वाचतात."

टाळ्या वाजल्या. श्रीरामने मागे वळून पाहिलं नाही, त्याची मान तेवढी खाली गेली. सृष्टीने मात्र आईकडे पाहिलं. शेजारची राजेश्री हळूच म्हणाली, "अगं बया, सातवी पास ना गं तू?" सविताचा हात माझ्या फळीवर होता. तो उचलून तिने पदर पुढे ओढला.

पुढचं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पोरं सृष्टीला 'खोटी सातवी' म्हणून चिडवू लागली. सविता यायची थांबली. मग बाकीच्या आयाही थांबल्या. आपण काही बोलावं आणि उद्या ते माइकवरून निघावं, ही धास्ती त्यांनी घेतली. माझ्यावर तांदळाची पोती आली.

परवा सविता सृष्टीला घेऊन आली, ती टीसी न्यायला. सृष्टीला पूर्णा गावी मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. मॅडमनी तिला माझ्यापाशी थांबवलं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, मला तुमचा अभिमान वाटला हो, मी चांगल्यासाठीच बोलले.

"चांगलंच बोललात, मॅडम," सविता शांतपणे म्हणाली. "पन ते सांगायचं माझं व्हतं. सृष्टी चौथीत गेली की मीच तिला सांगनार व्हते."

मॅडमनी कागद पुढे केला. सविताने तो घेतला, शाळा सोडण्याच्या कारणावर बोट ठेवलं आणि वाचलं, "पालकांच्या... विनंतीवरून." तिने वर पाहिलं. "वाचता आलं मला. तुमीच शिकवलं." तिने सही केली, पोरीचा हात धरला आणि गेली.

मॅडमनी पोती उतरवून मला पुसलं. दुसऱ्या तासाला त्या दार उघडं ठेवतात. अजून कुणी आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या आईने, सोबत्याने मनातलं काही तुमच्या स्वाधीन केलं, तर ते नैवेद्याच्या ताटासारखं झाकून ठेवा. कौतुकानेसुद्धा फडकं ओढू नका. ते कधी काढायचं, ते ज्याचं ताट त्याने ठरवावं. एवढं सांभाळा. माझी धूळ नाही पुसली तरी चालेल.