भिंतीजवळचे मासे

तिने माशाचं जठर उभं चिरलं आणि आतला ऐवज चिमट्याने काचेच्या बशीत काढला. शेवाळ नव्हतं, किडे नव्हते. भात होता.

"हाही जेवूनच आलाय," शेजारच्या टेबलावरून सहकारी म्हणाला. "मॅडम, तुमचे मासे रोज कुणाच्या तरी पंगतीला बसतात."

ती हसली. धरणाच्या खालच्या अंगाचे मासे काटकुळे, आणि वर भिंतीजवळचे मात्र गरगरीत, यकृतावर चरबी चढलेली. वरचं पाणी त्यांना मानवलं, असं ती अहवालात लिहिणार होती.

"खायला घालणारा शोधायला हवा. नाहीतर आपली वर्षभराची मेहनत पाण्यात." स्वतःच्याच बोलण्यावर तो खूश झाला.

चिमट्याला काहीतरी हिरवं लागलं. घेवड्याच्या शेंगेचा तुकडा, लांबट, तिरपा चिरलेला. त्याला किसलेलं गाजर चिकटलं होतं. शेंगांत गाजर किसून घालायची खोड आईची. आता ती तिची. पहाटे, घाईघाईत, बाबांच्या डब्यापुरती.

आई गेल्यापासून बाबा रोज डबा घेऊन धरणावर जात. तिथले दरवाजे उघडण्या-मिटण्यात त्यांची नोकरी सरली होती. जुन्या सोबत्यांत चार घास जास्त जातात, म्हणत. डबा लख्ख धुऊन आणत. "बाबांच्या जेवणाची काळजीच नाही," असं तिने बहिणीला फोनवर कितीदा ऐकवलं होतं. पँट सैल झाली, तेव्हा तिने पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं होतं.

दुपारी ती भिंतीवर गेली. सोबती कुणी नव्हतेच. बाबा एकटेच कठड्याशी बसले होते. डब्याचं झाकण वाजलं, तसं खाली पाणी खळबळलं.

"तू इकडे कशी गं?" त्यांनी डबा जवळ ओढला.

"माशांची तब्येत बघायला."

"बरी आहे ना?"

"लठ्ठ झालेत."

बाबा पाण्याकडे बघत राहिले. "एकट्याने घास तोंडात नुसता फिरतो. तू पहाटे उठून करतेस, परत कसा आणायचा?"

"मग सांगायचं ना मला."

"कधी सांगू?"

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. किती वाजले विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

तिचा फोन वाजला.

"सापडला का अन्नदाता?" सहकारी विचारत होता.

"नाही," ती म्हणाली. "पण उद्यापासून थांबेल ते."

तिने फोन ठेवला.

"उद्या तुला वेळ मिळेल?" बाबांनी विचारलं.

तिने डबा दोघांच्या मध्ये ठेवला. बाबांनी एक घास घेतला. चावत राहिले, बराच वेळ. त्यांच्या गळ्याकडे बघत, तो घास उतरायची वाट बघत, ती हातातला घास तसाच धरून बसली.